खोकल्याची पहिली चिठ्ठी



खान्देशातल्या माणसाचा खोकला लांबला की तो आधी कुठे जातो? चोपड्याचा शेतमजूर असो, साक्रीचा ऊसतोड कामगार असो की धुळ्यात यंत्रमागावर उभा राहणारा, तो आधी मेडिकलवर जातो आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेतो. ती संपली की बाजाराच्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरकडे. हे डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस, कित्येक वर्षं त्याच गावात बसणारे, अर्ध्या रात्री दार उघडणारे, वेळेला उधारीवर औषध देणारे. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि तो त्यांनी कमावलेला आहे. सरकारी दवाखाना या वाटेवर फार उशिरा येतो. म्हणून आपल्या जळगाव-धुळ्यात टीबी लवकर सापडणार की उशिरा, हे बरंचसं खासगी दवाखान्यातल्या पहिल्या दोन-तीन भेटींत ठरतं.

त्या भेटींत काय होतं? रोगी जिनिंगमध्ये कामाला असेल तर खोकला कापसाच्या धुळीचा ठरतो, डाळमिलमध्ये असेल तर भुशाचा, बिडी ओढणारा असेल तर बिडीचा. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. गुण आला नाही की जास्त जोरदार गोळ्या, आणि त्यांत अनेकदा लिव्होफ्लॉक्सासिन असतं. इथे मला थोडं थांबायचं आहे. हे औषध टीबीच्या जंतूंवरही चालतं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ते राखून वापरलं जातं. ते एकटं दिलं की जंतू काही दिवस दबतात. ताप उतरतो, भूक लागते, रोगी म्हणतो, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. काही आठवड्यांनी संध्याकाळची कणकण परत येते. मग तो डॉक्टर बदलतो, भुसावळला जातो, जळगावला जातो. आधीची चिठ्ठी हरवलेली असते. नवे डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि तेवढे दिवस घरातली लेकरं त्याच खोलीत झोपत राहतात.

माझं म्हणणं साधं आहे. खोकला दोन आठवडे टिकला, की पुढचं अँटिबायोटिक लिहिण्याआधी बेडका तपासायला पाठवा. नुसती लाळ नको. सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर तो तपासला की साधारण दोन तासांत जंतू आहेत का ते कळतं, आणि ते रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतील का, याचाही पत्ता लागतो. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीचं यंत्र आहे, बॅटरीवर चालणारं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली त्याला मान्यता दिली. ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, आणि खासगी डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या रोग्यालाही ती मोफतच आहे.

छातीचा फोटोही काढावा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात असं दिसलं, की एक्स-रे नसता तर सुमारे ४३ टक्के रोगी हातून निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. पण फोटोतला डाग स्वतःचं नाव सांगत नाही. नुसत्या डागावर सहा महिन्यांचा कोर्स सुरू करू नये. आणि टीबीसाठी रक्तातली अँटिबॉडी तपासणी कुणी सुचवली तर ठाम नकार द्यावा. केंद्र सरकारनं २०१२ सालीच तिच्यावर बंदी घातली आहे.

निदान झाल्यावर चिठ्ठीवर काय लिहिलं जातं, हाही काळजीचा विषय आहे. १९९१ साली मुंबईत धारावीच्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीचा उपचार लिहायला सांगितला होता. त्यांनी ८० निरनिराळे उपचार लिहिले. जवळपास वीस वर्षांनी तिथेच १०६ डॉक्टरांना पुन्हा विचारलं, तेव्हा ६३ प्रकार निघाले आणि बरोबर लिहिणारे फक्त ६. हे आकडे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. ज्यांच्याकडे देशातले इतके रोगी जातात, त्यांना शास्त्रानं आणि सरकारनं किती वर्षं वाऱ्यावर सोडलं होतं, ते यातून दिसतं. २०१४ सालच्या औषधविक्रीवरून अभ्यासकांनी अंदाज बांधला, की त्या एका वर्षात सुमारे २२ लाख लोक खासगी क्षेत्रात टीबीची औषधं घेत होते. त्यांतल्या बहुतेकांची नोंद कुठेच नव्हती.

टीबीचा रोगी सरकारला कळवण्याचं, म्हणजे नोंदीचं, बंधन मे २०१२ पासून आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं ते दवाखाने, प्रयोगशाळा आणि औषध दुकानं अशा सगळ्यांवर आलं आणि त्यात शिक्षेची तरतूदही आहे. त्याआधी, मार्च २०१४ पासून, टीबीची औषधं एच-१ या यादीत गेली. दुकानदारानं रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. आपल्या तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांनी ती वही दर महिन्याला नीट चाळली, तर कितीतरी रोगी त्या पानांवरच सापडतील. देशपातळीवर फरक पडलाही आहे: २०१३ मध्ये खासगी क्षेत्रातून चाळीस हजारांच्या आत नोंदी आल्या होत्या, २०२३ मध्ये त्या आठ लाखांवर गेल्या, एकूण नोंदींच्या जवळजवळ एक-तृतीयांश.

तरीही डॉक्टरांच्या मनात भीती असते, की नाव कळवलं तर पेशंट जाईल. आणि पेशंट हात जोडतो, "डॉक्टरसाहेब, माझं नाव सरकारात नका देऊ, पोरीचं लग्न ठरायचंय." दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्या हसून उडवू नका. त्याला शांतपणे सांगा, की निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नाव गेल्यानं उपचार कुणी काढून घेत नाही, डॉक्टर बदलावा लागत नाही आणि ही माहिती गुप्त ठेवायची असते. उलट मोफत औषधं खासगी डॉक्टरांमार्फत मिळण्याची सोय सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमात आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रोग्याच्या खात्यात जमा होतात, आधी ते ५०० होते. कळवणाऱ्या डॉक्टरलाही मानधन आहे. पण माझ्या मते सगळ्यांत मोठा लाभ घरातल्या माणसांचा. नोंद झाली की त्यांची तपासणी होते, लहान मुलांना प्रतिबंधक औषध देता येतं. खासगी उपचारात हे बहुतेक राहूनच जातं, आणि दोन महिन्यांत बरं वाटलं, पैसे संपले, म्हणून कोर्स सोडणाऱ्याला विचारायलाही कुणी येत नाही.

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर इथल्या डॉक्टरांना एक खास विनंती. दिवाळीच्या आगेमागे सातपुड्यातून आणि पश्चिम पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे, पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. निघण्याआधी मुकादमाची उचल घेतलेला माणूस खोकल्याचं औषध घ्यायला तुमच्याकडे येतोच. त्याला महिन्याभराच्या गोळ्या बांधून देऊ नका. त्याच दिवशी बेडका घ्या, टीबी निघाला तर निक्षयचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. त्या क्रमांकावर बारडोलीतही औषध सुरू ठेवता येतं. आणि श्रोतेहो, डॉक्टर हे करायला विसरले तर तुम्ही विचारा: "साहेब, माझा बेडका तपासू का?" शंका असेल तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फोन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.