किमान वेतन : नोकरदाराचा हक्क, मालकाचे कर्तव्य



‘आमच्या घरच्यासारखाच माणूस आहे तो,’ हे वाक्य सातारा-सांगलीच्या पेठांतून मोठ्या आपुलकीने ऐकू येते. दुकानातील मदतनीस, शिक्षणसंस्थेतील शिपाई, रुग्णालयातील आया, सोसायटीचा रखवालदार या साऱ्यांना दिवाळीला कपडे मिळतात, लग्नकार्याचे आमंत्रण असते, आजारपणात मालक धावूनही येतो. हे चांगलेच आहे. परंतु त्या माणसाच्या हाती महिन्याकाठी पडणारी रक्कम शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाइतकी आहे काय, असे विचारले की सारेच गप्प होतात. आपुलकी हवीच, मात्र ती वेतनाची जागा घेऊ शकत नाही.

राज्यघटना स्वीकारली जाण्यापूर्वीच, १९४८ साली, स्वतंत्र भारताने किमान वेतन कायदा केला. तो अनुसूचीत नमूद केलेल्या व्यवसायांपुरता होता. त्याच्यासह चार जुने कायदे एकत्र करून २०१९ मध्ये वेतन संहिता संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. आता किमान वेतनाचा हक्क अनुसूचीवर अवलंबून राहिलेला नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने या संहितेचे स्वागत केले, ते याच व्यापकतेमुळे. अंत्योदयाची भाषा बोलणाऱ्यांनी तरी हा कायदा नीट समजून घ्यावयास हवा.

आपला दर कोणता, हे नोकरदाराने कसे ओळखावे? त्यासाठी व्यवसाय, कौशल्याची श्रेणी आणि परिमंडळ या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी महाराष्ट्रात २०१९ मध्ये सुधारलेल्या दरांत महानगरपालिका क्षेत्रे पहिल्या परिमंडळात, ‘अ’ व ‘ब’ वर्ग नगरपरिषदा दुसऱ्यात आणि उर्वरित भाग तिसऱ्यात ठेवण्यात आला. त्यामुळे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या हद्दीतील दुकानात जो दर लागतो, त्याहून साताऱ्यातील दर कमी आणि खेडेगावातील त्याहूनही कमी. शिवाय किमान वेतनात मूळ दर व विशेष भत्ता असे दोन भाग असतात. हा भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे केवळ मूळ दर दिला जातो, आणि घेणाऱ्यालाही आपले काही राहून गेले याची कल्पना नसते.

विट्याच्या यंत्रमागावर वा बेदाण्याच्या प्रतवारीत कामाच्या मापावर मजुरी ठरते. तेथेही वेळेवर आधारित किमान दर ठरलेला असेल, तर मजुरी त्या दराखाली जाता कामा नये. स्त्री व पुरुष यांना समान कामासाठी वेगळा दर देण्यास संहितेची मनाई आहे. ठरलेल्या तासांहून अधिक काम घेतल्यास त्याचे वेतन दुप्पट दराने द्यावे लागते.

‘त्याने स्वखुशीने मान्य केले आहे, कागदावर सही आहे,’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कायद्यापुढे तो टिकत नाही. संहितेने दिलेला हक्क सोडून देणारा करार मुळातच निरर्थक ठरतो. एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याचे मर्म सांगितले. गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेली वेठबिगारीच होय. वेतनाला ‘मानधन’ म्हटल्याने नोकरीचे स्वरूप बदलत नाही. मध्ये ठेकेदार असला व त्याने पैसे थकविले, तरी ज्या आस्थापनेत काम चालते तिच्या मालकाची जबाबदारी सुटत नाही.

दुसरा युक्तिवाद परवडण्याचा. लहान व्यापाऱ्याची अडचण खोटी नाही. गिऱ्हाईक कमी झाले आहे, भाडे वाढले आहे. तरीही किमान वेतन देता न येणाऱ्या उद्योगाला अस्तित्वाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच स्पष्ट केले. धंद्यातील तोट्याचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे धर्मालाही धरून नाही.

मग कमी वेतन मिळणाऱ्याने काय करावे? वेतनचिठ्ठी मागावी, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळावयास हवे. पगार बँकेत जमा करून त्यातील काही रक्कम रोखीने परत घेतली जात असेल, तर त्याची तारीखवार नोंद ठेवावी. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात दाद मागता येते. पूर्वी त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती, आता ती तीन वर्षांची आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, आणि कमी वेतन देणाऱ्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरी अडचण कायद्याची नसून भीतीची आहे. सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात एकट्याने तक्रार केली, तर नोकरी जाते आणि दुसरीकडेही दार बंद होते. म्हणूनच कामगार संघटनेलाही त्याच्या वतीने अर्ज करण्याची मुभा आहे. पाटण तालुक्यातून मुंबईत गेलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केले, तेव्हाच १९६९ चा माथाडी कायदा उभा राहिला. सुटा हमाल ते करू शकला नसता.

तथापि तक्रारीची वेळ यावीच कशाला? मजदूर संघ १७ सप्टेंबर, विश्वकर्मा जयंती, हा राष्ट्रीय श्रमदिन मानतो. त्या दिवशी दुकानात, कारखान्यात, संस्थेत अवजारांना हळद-कुंकू वाहिले जाते. त्याच वेळी मालकाने पगाराचे पुस्तक उघडावे, चालू दर समोर ठेवावा आणि माणसागणिक हिशेब तपासावा. कमी निघाले तर मागील बाकीसह चुकते करावे. हातोड्याला नमस्कार करताना तो धरणाऱ्या हाताचे देणे राहता कामा नये.