आठ सेकंदांच्या चित्राचे मस्टर



कामगार संघटनेतला माणूस यंत्रावर बोलावयास उभा राहिला की श्रोते मनाशी ठरवूनच बसतात, हा गृहस्थ आता यंत्राला शिव्या देणार. आम्ही तसे काही करणार नाही. मोबाइलवर चार ओळी लिहाव्यात आणि थोड्या वेळात आठ-दहा सेकंदांचे हलते चित्र तयार होऊन यावे, ही गोष्ट नवलाचीच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘ओपनएआय’ या अमेरिकन कंपनीने ‘सोरा’ नावाचे असे यंत्र जगाला दाखविले. २०२५ च्या मे महिन्यात गूगलचे ‘व्हिओ ३’ आले. त्यात आठ सेकंदांच्या चित्राबरोबर माणसांचे बोलणेही येऊ लागले. आज लग्नाच्या निमंत्रणापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत अशा चित्रफिती आपण पाहतो.

आम्हांला एकच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो आमच्या रोजच्या कामातला आहे. या कामाचे मस्टर कोठे आहे? कोणत्याही कामावर गेलो की आम्ही आधी मस्टर मागतो. मस्टरवर ज्याचे नाव नाही त्याला मजुरी नाही, अपघात झाला तर भरपाई नाही. आणि काम बिघडले तर जाब कोणाला विचारावा, हेही कळत नाही.

हलत्या चित्राचा धंदा या देशात रुजविला तो आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याआधी, १९१२ साली, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक अगदी छोटी चित्रफीत केली होती. वाटाण्याचे बी पेरून त्याला कोंब फुटतो, रोप वाढते, ते त्यांनी दिवसामागून दिवस एकेक चित्र टिपून दाखविले. महिन्याभराची वाढ क्षणांत डोळ्यांपुढून गेली. म्हणजे छोट्या चित्रफितीची करामत आपल्याला नवी नाही.

आता त्या फाळक्यांच्या कारखान्याचे मस्टर पाहा. सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. तारामतीचे काम करावयास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके फाळक्यांनी आणले. तेथे त्यांना महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा कबूल केले. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी कोणी काय काम केले आणि कोणाला किती मिळाले, हे आपण आजही सांगू शकतो.

तोच हिशेब आजच्या आठ सेकंदांचा मांडू. त्यासाठी हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. टीव्हीचे प्रक्षेपण गेले की पडद्यावर मुंग्या येत, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. यंत्राला असंख्य चित्रफिती दाखवितात, प्रत्येकीबरोबर तिचे वर्णनही देतात. मग त्या चित्रांवर थोड्या थोड्या मुंग्या पसरतात, आणि त्या काढून मूळ चित्र कसे ओळखावे हे यंत्राकडून पुनःपुन्हा घोटून घेतात. इतके झाले की केवळ मुंग्यांनी भरलेला पडदा त्याला द्यावा आणि ‘पावसात भिजणारी पऱ्हाटी’ असे सांगावे. ते एकेक पायरीने मुंग्या काढीत जाते आणि शेवटी पऱ्हाटी उरते. सेकंदाला चोवीस धरली तर आठ सेकंदांत एकशे ब्याण्णव चित्रे होतात, आणि ती एकमेकांशी जुळलेली असावी लागतात.

आता मस्टर लिहू. पहिले नाव कोणाचे? ज्यांनी त्या असंख्य चित्रफिती मुळात काढल्या त्यांचे. त्यांत मोठे दिग्दर्शक असतील, तसे लग्नाचे शूटिंग करणारे असतील, पाऊस पडला म्हणून हौसेने मोबाइल उघडणारेही असतील. दुसरे नाव, ज्यांचे चेहरे, हातवारे, चाल आणि आवाज त्यांत आहेत त्यांचे. तिसरे नाव वर्णने लिहिणाऱ्यांचे व घाण निवडून बाजूला काढणाऱ्यांचे. हे काम पुष्कळदा गरीब देशांतून करून घेतात. मजकूर लिहिणाऱ्या अशाच एका यंत्रासाठी केनियात बसून किळसवाणा मजकूर वाचून निवडणाऱ्या कामगारांच्या हाती ताशी दोन डॉलरांच्या आतच पडत होते, हे ‘टाइम’ नियतकालिकाने २०२३ साली उघड केले. आणि सर्वांत शेवटी, चार ओळी लिहून बटण दाबणारा. चित्रावर नाव मात्र या शेवटच्याचे, आणि पैसा कंपनीचा. वरची तिन्ही नावे मस्टरवर नाहीतच.

कोणी म्हणेल, यात आमचे काय गेले? आमचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातले आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उद्या कोणी दुकानदार या यंत्राकडून ‘औषध कसे मिसळावे’ याची सुबक चित्रफीत करवून घेईल. त्यात गोरागोमटा शेतकरी उघड्या हातांनी, तोंडाला फडके न बांधता औषध ढवळताना दिसेल. यंत्राला खरे काय ते ठाऊक नसते. बहुधा कसे दिसते एवढेच ठाऊक असते. फाळक्यांच्या कुंडीत वाटाणा खरोखर उगवला होता. येथे काही उगवलेले नाही, कोणी काही ढवळलेले नाही. ते पाहून एखादा मजूर दगावला तर जाब कोणाला विचारणार? म्हणून मस्टरचा प्रश्न मजुरीचा आहे तसा जिवाचाही आहे.

मोठ्या माणसांनी आपला बंदोबस्त करून घेतला आहे. आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु तांड्यावर गाणारी बाई उच्च न्यायालयात कशी जाणार? एकट्याला जे साधत नाही ते संघटनेने साधते. अमेरिकेतील नटनट्यांच्या संघटनेने २०२३ साली ११८ दिवस संप केला आणि करारात लिहून घेतले की नटाची यंत्रप्रतिमा त्याच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून वापरता येणार नाही.

यावर आक्षेप असा की नटाचा मालक ठरलेला असतो. लाखो लोकांच्या चित्रफिती वापरल्या, त्यांची मजुरी कोण कोणाला देणार? हा आक्षेप आम्ही पूर्वीही ऐकला आहे. हमालाबद्दल हेच म्हणत. सकाळी एका अडत्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. मालक कोण म्हणावा? त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दिले. सर्व मालकांनी मंडळाकडे नोंदणी करावी, मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावी, आणि मंडळाने ती कामगाराला द्यावी. भविष्यनिर्वाह निधीही त्यातूनच. मुख्यमंत्री त्या वेळी होते आपल्या शेजारच्या गहुलीचे वसंतराव नाईक. तेव्हा पुसदकरांनी तरी हे अशक्य म्हणू नये! २०२५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या एका समितीनेही असेच सुचविले, की यंत्राला शिकविण्यासाठी वापरलेल्या कृतींचा मोबदला कंपन्यांकडून एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून निर्मात्यांना वाटावा. सूचना चांगली आहे. परंतु वर्णने लिहिणारा आणि चेहरा देणारा त्यात कोठे आहे, हे आपण विचारले पाहिजे.

तोवर आपण गावात काय करावे? यंत्र टाकून देऊ नये. गुलाबी बोंडअळीची ओळख मराठीत आणि गोरमाटीत करून देणारी चित्रफीत कॅमेऱ्यावाचून होत असेल तर शिक्षकाने जरूर करावी. मात्र ती कृषी खात्याच्या जाणकाराला दाखवून मगच वाटावी. २०२६ च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम दुरुस्त करून कृत्रिम चित्रफितीवर तशी ठळक खूण सक्तीची केली आहे. त्या खुणेबरोबर करणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव आपण आपल्या गावापुरते तरी घालू या. ज्या चित्रफितीवर नाव नाही ती पुढे पाठवू नये. शूटिंग करणाऱ्या तरुणांनी हे यंत्र स्वतः शिकावे, आणि संघटना करून आपले दर ठरवावेत; नाहीतर दर दुसरा कोणी ठरवील.

मस्टर मागणे हा भांडखोरपणा नव्हे. केलेल्या कामाची ती साधी नोंद आहे. ती नोंद असावी, एवढेच आमचे मागणे आहे.