मागच्या दारची वाडी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण, छापण्यासाठी थोडे सावरून)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘फूड फॉरेस्ट’ असं छापलंय. शब्द माझ्या मुलाने सुचवला, मी हो म्हटलं. पण माझं माहेर केळव्याचं, आणि तिथे याला वाडी म्हणतात. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या आधाराने चढलेली पानवेल, मध्ये केळी, आणि पार खाली सावलीत अळू, हळद. केळवे-माहीमकडे ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना हे नवीन नाही. जंगलासारखेच मजले, फक्त प्रत्येक मजल्यावर कामाचं काहीतरी.

आपल्या रो-हाउसच्या मागे प्रत्येकाला वीस बाय तीस फुटांची जागा मिळाली. मिळाली म्हणजे वरून मुरूम आणि खाली बांधकामाचा राडारोडा. 2015 च्या पावसाळ्यात मी हौसेने अकरा रोपं आणून लावली. दिवाळीपर्यंत दोन उरली. मग मी तिथे कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधल्या आणि विषय संपवला.

पुढच्या वर्षी बाबा गेले. भावांच्या वाटण्या झाल्या, वाडी विकली गेली आणि आई बोईसरला आमच्याकडे आली. दिवसभर खिडकीशी बसायची. टीव्ही नको, देऊळ नको. दोन महिन्यांनी एका सकाळी तिने पहार मागितली. मागे गेली, दोन-चार ठिकाणी टोचून पाहिलं आणि म्हणाली, “अगो, यात माती कुठाय? झाडांना काय विटा खायला घातल्यास?”

मग सगळं घर कामाला लागलं. हे एमआयडीसीतून फर्स्ट शिफ्ट संपवून आले की चहा घेऊन तासभर खणायचे. मुलगा रविवारी कुदळ धरायचा, तीही कुरकुरत. मुलगी घमेली उचलायची. आई खुर्चीवर बसून मुकादमी करायची. दीड महिना हे चाललं. विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, टाइल्स, एक अख्खं वॉश बेसिन निघालं. (बेसिन अजून आहे, त्यात पुदिना लावलाय.) खड्डे भरायला वाणगावकडून शेणखत आणलं. आपल्या आवारातला पालापाचोळा तेव्हा जाळला जायचा, तो गोण्या भरभरून मागून घेतला. तेव्हा काही जण हसले होते, नावं घेत नाही, पहिल्या दोन रांगांत बसलेत.

मला नारळ लावायची घाई झाली होती. आई म्हणाली, आधी सावली लाव. शेवगा, पपई, केळी. ती उभी राहिली की त्यांच्या आडोशाला बाकीची रोपं जगतात. मुलाला ते पटेना, त्याला मोबाइलवर वेगळंच काही सापडलं होतं. शेवटी आम्ही सगळे गाडीत बसून उंबरगाव रोडला उतरलो आणि देहरीला भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी बघून आलो. आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच आहे. सावे मूळचे शाळामास्तर. रासायनिक खतं सोडून त्यांनी नैसर्गिक शेती उभी केली, 2015 मध्ये 93 व्या वर्षी ते गेले. त्यांच्या पद्धतीत झाडांचे तीन गट आहेत : अल्पजीवी, मध्यमजीवी, दीर्घजीवी. पहिल्यांनी जागा धरायची, शेवटच्यांनी सावकाश वाढायचं. पाणी बुंध्यात घालायचं नाही, बाजूच्या चरात सोडायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात लांब जातात. मुलगा हे सगळं वहीत उतरवून घेत होता. आई म्हणाली, “मग इतके दिवस मी काय सांगत होते?”

घरी येऊन चर खणला. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना सांगते, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीच त्या चरात जातं. मासे धुतलेलं पाणी आई नारळाच्या आळ्यात ओतायची. मांजरांची मेजवानी व्हायची, पण नारळ वाढला.

नारळाच्या बाबतीत मी चूक केली, ती सांगते. दोन नारळांत पंचवीस फूट अंतर हवं. आई म्हणाली होती, एकच लाव. मी तिच्या नकळत दुसरा कुंपणाजवळ लावला. पुढे त्याची झावळी शेजारच्या स्कूटरवर पडली, बोलाचाली झाली, दिवाळीचा फराळ एक वर्ष इकडून तिकडे गेला नाही. चूक माझीच होती. शेवटी तो तोडला, पण तेव्हा आई नव्हती. 2022 च्या श्रावणात ती गेली. पहिल्या नारळाला गेंड्या भुंगा लागला होता तेव्हा तिने मुलाला शिडीवर चढवून झावळ्यांच्या बेचक्यात वाळू आणि मीठ भरून घेतलं होतं. तो नारळ उभा आहे. सुपारीला पहिला घड लागला तो ती गेल्यानंतरच्या वर्षी.

भाजी विकत आणणं बंद झालं असं मी सांगणार नाही, मंगळवारी पिशवी घेऊन मी तुम्हाला बाजारात दिसतेच. पण गेल्या वर्षी वेलची केळीचे सहा लोंगर उतरले, अळूवडीला पान कधी विकत आणलं नाही, आणि कढीपत्ता कोण कोण नेतं ते मला माहीत आहे. घड उतरला की केळीचा बुंधा तिथेच कापून पसरतो, त्याचंच पुढे खत होतं.

आता थोडं कडू. मागच्या सभेत सगळ्यांच्या मागच्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय निघाला. डास, साप, कचरा अशी कारणं आली. साप दोनदा निघाला, खरं आहे. साचलेलं पाणी कुंड्यांखालच्या ताटल्यांत असतं, ते माझ्याकडे नाही, येऊन बघा. ज्यांना गाडी लावायची अडचण आहे त्यांचीही बाजू आहे, पण जुलैतला आपला पाऊस आठवा. त्या पावसात गेटसमोर घोटाभर पाणी होतं तेव्हा माझ्या मागच्या दारी ते तासाभरात जिरलेलं असतं. पुढच्या सभेत मत देण्याआधी तेवढं पाहून जा.

येत्या रविवारी सकाळी नऊला मागचं फाटक उघडं ठेवते. केळीचे मुनवे, अळूचे कंद आणि पानवेलीचे तुकडे काढून ठेवलेत. पिशवी घरून आणा. शेजारच्या वहिनींसाठी दोन मुनवे बाजूला ठेवलेत, ते कोणी उचलू नका.