पिपातील उंदरांची कविता आणि दुःखी मन
(उरण येथे उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



त्रिसरण-पंचशील झाल्यानंतर आज बाळ सीताराम मर्ढेकर यांच्या एका कवितेवर बोलावयाचे आहे, असे मी सांगितले, तेव्हा आपणांपैकी कित्येकांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मी पाहिल्या. पिपात मेलेल्या उंदरांचे वर्णन ऐकून नवदीक्षितांना कोणता लाभ होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ही शंका मला अयोग्य वाटत नाही. पण तिचे उत्तर सावकाश द्यावे लागेल.

मर्ढेकरांचा जन्म १९०९ सालचा, खानदेशातील फैजपूरचा. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ साली निघाला. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला व ते निर्दोष ठरले. २० मार्च १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात पूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. एकाच वर्षाच्या या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण एकाच भाषेत, एकाच काळात एक कवी अंधाराचे वर्णन करीत होता आणि लक्षावधी माणसे अंधारातून बाहेर पडण्याची तयारी करीत होती, हे ध्यानात ठेवावे.

या कवितेत घडते फार थोडे. ओल्या पिपात उंदीर मरून पडले आहेत. कोणी त्यांच्या माना पिरगाळल्या नाहीत, तरी त्या लोंबल्या आहेत. ते बिळात जगले ते आपल्या इच्छेने नव्हे, आणि मेले तेही आपल्या इच्छेने नव्हे. ओठांना ओठ लागले आहेत, पण त्यात आसक्तीचा लवलेश नाही. उदास डोळे आहेत, परंतु काचेचे. मध आहे, तोही कारखान्यात घडविलेल्या बेकेलाइटचा. आणि हे सर्व कोणत्या चालीत सांगितले आहे? लहान मुलांच्या गाण्याच्या हलक्या चालीत! भीती वाटते ती या चालीमुळे, असे माझे मत आहे. ज्याचे मन आतून विझले आहे, तो मनुष्य पुष्कळदा असाच बोलतो. रडत नाही, ओरडत नाही. जेवण झाले का, असे विचारले तर हो म्हणतो.

पुष्कळांनी या कवितेची थट्टा केली. उंदीर हा काय काव्याचा विषय, असे ते म्हणाले. आपण तरी असे म्हणू नये. गावकुसाबाहेर ज्यांना टाकले, त्यांनी कोणत्याही जिवाला काव्याच्या शिवेबाहेर टाकू नये.

तथापि ही कविता मला अपुरी वाटते, हेही सांगितले पाहिजे. उंदरांना पिपात कोणी घातले, हा प्रश्न ती विचारीत नाही. झाकण कोणाच्या हाती होते? तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगून विराम घेतला नाही. दुःखाला कारण आहे आणि त्याचा निरोध होऊ शकतो, हेही सांगितले. मर्ढेकर पहिल्या पायरीवर थांबतात. तेथे ते इतक्या प्रामाणिकपणे थांबतात की खोटा आशावाद सांगणाऱ्या शंभर कवींपेक्षा मला ते जवळचे वाटतात. पण थांबतात, हे खरेच. १९७४ साली दया पवार यांनी आपल्या संग्रहास 'कोंडवाडा' हे नाव दिले. शब्द पाहा. कोंडवाड्याला दार असते, कुलूप असते, आणि ते लावणारा मनुष्य असतो. पिपापासून कोंडवाड्यापर्यंतचे हे अंतर मराठी कवितेने कापले, ते आपल्या माणसांच्या लेखणीने.

आता मूळ शंकेकडे येतो. पटाचारेची कथा आपण ऐकली असेल. पती, दोन्ही मुले, आईवडील व भाऊ इतके सारे एकाएकी गमावल्यावर तिचे भान हरपले. अंगावर वस्त्रही न राहता ती श्रावस्तीत भटकू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत, ढेकळे मारीत. ती विहाराकडे येताना लोक तिला अडवू लागले, तेव्हा तथागत म्हणाले, तिला येऊ द्या. भगिनी, भानावर ये, एवढेच त्यांनी तिला सांगितले. कोणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. पुढे ती थेरी झाली व तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. तिला बाधा झाली आहे, असे तथागत म्हणाले नाहीत. त्यांनी तिचे ऐकून घेतले.

आणि आपण काय करतो? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही एखादा मुलगा महिनोन्महिने बोलेनासा झाला, सून कोपऱ्यात बसून राहू लागली, की रात्रीच्या अंधारात भगताची वाट धरली जाते. देव्हारा घरातून गेला, पण भगत गेला नाही. या उरणमध्ये मिठागरांच्या जागी कंटेनरांचे ढीग आले, २०२४ साली रेल्वेही आली. परंतु कंटेनर-यार्डात रात्रपाळी करून परतलेला तरुण भिंतीकडे तोंड करून पडतो, तेव्हा त्याला आपण आळशी म्हणतो, नाहीतर बाहेरचे लागले म्हणतो. त्याच्या मनाची ओळख आपल्याला नाही. ती ओळख मर्ढेकरांची कविता करून देते. म्हणून मी ती येथे आणली.

हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय उपचार मिळविण्याचा अधिकार प्रत्येकास दिला असून त्यात जात वा धर्म पाहून भेद करता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होता असे मानावे व त्याला शिक्षा करू नये, असेही हा कायदा सांगतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारझोड करणाऱ्यावर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा दाखल होतो. हे आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

पुस्तक मी येथे मेजावर ठेवीत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातील मुलांनी वाचून दाखवावे. आणि ज्याच्या घरी कोणी बोलेनासे झाले असेल, त्याने सभा संपल्यावर थांबावे. मी शेवटच्या गाडीपर्यंत येथेच आहे.