नवी चूल निवडताना
(आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून)



विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी हसून विचारले, "फ्रँकफुर्टहून येऊन आपण चुलीविषयी बोलणार?" होय, चुलीविषयीच. गेल्या वर्षी आम्हाला स्वयंपाकघराचे सगळे सामान नव्याने घ्यावे लागले. त्या निवडीत मला जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवते.

जर्मनीत भाड्याचे घर पुष्कळदा रिकाम्या भिंतींचे मिळते. ओटा, सिंक, कपाटे, शेगडी भाडेकरूने स्वतः आणायची. आमचे सामान आधीच्या भाडेकरूकडून घेतलेले, जुनेच होते. भिंतीतली नळी फुटली, कपाटे भिजून फुगली, आणि सारे काढून टाकावे लागले. त्याच वर्षी माझी आई ठाण्याहून कायमची आमच्याकडे आली होती. वय ७९, नजर अधू, सांधेदुखीने बोटे वाकलेली. तरी स्वयंपाक तिचाच. जुन्या शेगडीची गोल बटणे हाताने चाचपून ती आच ठरवीत असे.

दुकानात आम्हाला इंडक्शनची शेगडी दाखवली. तिच्यात काच स्वतः तापत नाही, भांड्याचे बूड तापते. पाणी झटकन उकळते आणि वीज वाचते. हे सगळे खरे आहे. परंतु लोहचुंबक चिकटेल अशाच बुडाचे भांडे तिच्यावर चालते. आईची ॲल्युमिनियमची पातेली आणि तिच्या सासूबाईंचे तांब्याचे भांडे तिथेच बाद झाले. मग आईने काचेवरच्या खुणेवर बोट टेकवले. काही घडले नाही. पुन्हा टेकवले. "कोरडे बोट कधी कधी ओळखले जात नाही," विक्रेता नम्रपणे म्हणाला. आईने हात पदराखाली घेतला. परतताना ट्राममध्ये ती एवढेच म्हणाली, "तुम्हाला आवडेल ते घ्या गं. मला आता आयते जेवायचे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. जिने आयुष्यभर शुक्रवारचा स्वयंपाक केला, तिला एका काचेने घरी बसवले होते, आणि ती काच विकत घ्यायला मीच निघाले होते.

दुसरी अडचण शब्बाथची. आजच्या ओव्हनचे दार उघडले की आत दिवा लागतो. तो काही तास चालू राहिला, तर पुष्कळ ओव्हन सुरक्षेसाठी आपोआप बंद होतात. फ्रिजचे दार उघडताच प्रकाश पडतो, उघडे राहिले तर तो ओरडतो. ही यंत्रे आपली सतत दखल घेतात आणि आपल्याला काही न करता राहू देत नाहीत.

तेव्हा मला आपले कोकणातले पूर्वज आठवले. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. पेसाहचे नाव विस्मरणात गेले, तरी त्या दिवसांत आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवण्याची रीत राहिली, आणि त्या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणू लागले. ग्रंथ हाताशी नव्हते, तेव्हा थांबलेल्या घाण्याने आणि झाकलेल्या मडक्याने आपली ओळख राखली. मी ठरवले की यापुढे दुकानात "हे यंत्र काय काय करते?" असे विचारायचे नाही. "हे थांबते कसे, आणि माझ्या घरात कोणाकोणाला चालवता येते?" असे विचारायचे.

या प्रश्नाने निवड सोपी झाली. शेगडी काचेचीच, पण साध्या विजेच्या उष्णतेवर चालणारी आणि फिरवायच्या चार बटणांची घेतली. तिच्यावर आईची सगळी सपाट बुडाची भांडी चालतात. ती किंचित सावकाश तापते आणि वीज थोडी अधिक खाते, हे मी लपवत नाही. ओव्हन शब्बाथची सोय असलेला निवडला: शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावला की मंद, ठरलेल्या तापमानावर २४ तासांहून अधिक राहतो आणि दार उघडल्यावर दिवा लागत नाही. भांडी धुण्याची दोन यंत्रे परवडणारी नव्हती. म्हणून एकच, ६० ऐवजी ४५ सेंटिमीटर रुंदीचे, केवळ मांसाहाराच्या भांड्यांसाठी घेतले. वाचलेल्या जागेची मदत होऊन दुसरे सिंक बसले. दुधाची भांडी हाताने धुतो. नव्या घरात पैसे कमी असतील तर दुसऱ्या यंत्राआधी दुसरे सिंक घ्या, असे मी तरुण जोडप्यांना सांगेन. कोणते उपकरण शब्बाथला कसे वापरावे, हे मात्र खरेदीपूर्वी आपल्या रब्बींना विचारा.

एक गोष्ट आईने निवडली. फ्रँकफुर्टच्या रोमरश्टाट वसाहतीत वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय यांच्या काळातले एक घर जपून ठेवले आहे. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये आखलेले प्रसिद्ध फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर तिथे पाहता येते. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, शहराच्या सुमारे १०,००० घरांत ते बसवले गेले. गृहिणीची पावले वाचावीत म्हणून त्यात प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठरवलेली होती. त्या आराखड्यात शेगडीजवळ एक पेटीही होती. उकळते भांडे तिच्यात झाकून ठेवायचे. आच नाही, वीज नाही, अन्न आपल्याच उष्णतेत शिजत राहते.

हे ऐकून आई म्हणाली, "ही तर गोधडीत गुंडाळलेली हंडी!" घरी येऊन तिने एका लाकडी खोक्यात जुन्या गोधड्या रचल्या. आता दर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी नारळाच्या दुधातले मटण उकळते असतानाच भांडे त्यात जाते. आमच्या रब्बींनी सांगितले की स्वतः उष्णता न देणाऱ्या वस्तूत शब्बाथ लागण्याआधी गुंडाळलेले चालते. रात्री किद्दूशनंतर आई स्वतः झाकण काढते. शनिवार दुपारचे जेवण मात्र ओव्हनमध्येच राहते, कारण खोक्यातली ऊब तोवर टिकत नाही.

त्या खोक्याला एक पैसाही पडला नाही आणि आमच्या घरात त्याच्याइतके वापरले जाणारे दुसरे उपकरण नाही. आई आता आयते जेवत नाही. मीठ कमी पडले म्हणून मलाच बोलते.

आपण सामान घ्यायला निघाल, तेव्हा घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला बरोबर न्या आणि तिचा हात कुठे अडतो ते पाहा.