तिघेही दारापर्यंत



नव्वदच्या दशकात मुंबईतली खोली सोडून नालासोपारा-विरारला आलेल्या कितीतरी घरांत, उन्हाळ्याच्या सुटीत टीव्हीला एक गेमचा डबा जोडलेला असे. कॅसेट खोचायची की मारिओ नाहीतर कॉन्ट्रा सुरू. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा. पण त्यातल्या दोन सैनिकांत फरक तो फक्त कपड्यांच्या रंगाचा. एक मेला तरी दुसरा गोळ्या झाडत पुढे जायचा. सोबत होती, एकमेकांची गरज नव्हती.

ही गरज ज्या खेळाचा पाया आहे, त्याविषयी आज बोलणार आहे. ‘द लॉस्ट व्हायकिंग्ज’ १९९३ साली आला. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन अँड सिनॅप्स या छोट्या कंपनीने तो केला. हीच मंडळी पुढे ब्लिझार्ड या नावाने जगभर गाजली. १९९१ च्या ‘लेमिंग्ज’मध्ये चिमुकल्या प्राण्यांचा अख्खा कळप वाचवायचा असतो. त्यावरून स्फूर्ती घेऊन आधी पुष्कळ व्हायकिंग घ्यायचा विचार होता. कमी करत करत ते तिघांवर आले. माझ्या मते साऱ्या खेळाचं मोल या एका निर्णयात आहे, कारण तिघं राहिले तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव मिळाला.

परग्रहावरचा टोमेटर नावाचा सम्राट या तिघांना पळवून नेतो आणि त्यांना घरी परतायचं असतं. एरिक वेगाने धावतो, उडी मारतो, डोक्यावरच्या शिरस्त्राणाने भिंत फोडतो. बेलिओगकडे तलवार आणि धनुष्य. ओलाफकडे फक्त ढाल. तो जाडजूड आहे, त्याला उडी मारता येत नाही, कुणाला मारताही येत नाही. मुलं पहिल्या दिवशी त्याला ओझं समजतात. मग एक उंच कट्टा लागतो, जिथे एरिकची उडी पोचत नाही. ओलाफ ढाल डोक्यावर धरून उभा राहतो, एरिक त्या ढालीवर चढून वर झेपावतो. पुढे शत्रू मारा करू लागतो, तेव्हा ओलाफ ढाल समोर धरतो आणि बेलिओग त्याच्या आडून बाण सोडतो. अर्नाळ्याच्या होडीत सुकाणूवरचा तांडेल आणि जाळं ओढणारे खलाशी एकमेकांवाचून अडतात, तसं हे आहे.

एकट्याने खेळताना एका वेळी एकालाच हलवता येतं. बाकीचे दोघं जिथे सोडले तिथेच उभे. म्हणून कुणाला कुठे थांबवून पुढे जातो, याचा विचार धावण्याआधी करावा लागतो. टप्प्याच्या शेवटच्या दारापर्यंत तिघेही जिवंत पोचले तरच पुढचा टप्पा उघडतो. एक जरी गेला, तरी उरलेल्या दोघांची सगळी मेहनत वाया. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आपल्या मुलांच्या बहुतेक खेळांत मागे राहिलेला बाद होतो. इथे त्याच्यासाठी परत यावं लागतं.

प्रत्येक टप्प्याला चार अक्षरांचा पासवर्ड असतो. तो वहीत उतरवला की पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. वसई तालुक्यातले भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना ही सोय किती मोठी हे सांगायला नको.

सेगा कंपनीच्या गेमच्या डब्यासाठी निघालेल्या आवृत्तीत तर तिघांना एकदमच खेळता येई. ती सोय आणि त्यातले जादा टप्पे २०२१ साली निघालेल्या ब्लिझार्डच्या जुन्या खेळांच्या संग्रहातही आहेत. सुटीत घरी तीन मुलं जमली तर हा खेळ जरूर लावून द्या. उत्तरं सांगू नका, त्यांना आपापसात भांडून शोधू द्या. आणि तिघांत जो सर्वांत घाईचा असेल, त्याच्या हाती पहिल्यांदा ओलाफ द्या.