श्रम सर्वांचे, तर पाणीहि सर्वांचें

(ग्रामसुधारणा मंडळ काढण्यासाठीं जमलेल्या गांवकऱ्यांपुढें शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



गांवासाठीं मंडळ काढण्याचें तुम्हीं योजिलें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आधीं मागें काय घडलें तें पाहूं.

आपल्या बीड जिल्ह्यावर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. सार्वजनिक सभेसहि परवानगी लागे. पुढें ग्रामपंचायती आल्या. १९८२ सालीं अंबाजोगाईस डॉ. द्वारकादास लोहिया यांनीं ‘मानवलोक’ संस्था काढली व शेतकरी-मजुरांना एकत्र आणून पाणी अडविण्याचीं कामें केलीं.

२०१६ चा दुष्काळ तुम्ही विसरलां नसाल. शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशननें पहिली स्पर्धा ठेविली. राज्यांतील तीन तालुके निवडले, त्यांत आपलें अंबाजोगाई होतें. बायाबापड्या टिकाव, फावडें, घमेलें घेऊन माळावर गेल्या. चर खोदले, बांध घातले. खापरटोन गांवानें दुसऱ्या बक्षिसांत वाटा मिळविला.

हें भूषणावह खरेंच. पण आम्ही विचारतों, गांवोगांव असें पाणी जिरतें, तें कोणाच्या विहिरीस लागतें? ज्याला जमीन त्याला विहीर; ज्याला विहीर त्याला ऊंस. ज्याला वावरच नाहीं त्यानें फुकट घाम गाळावा, आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परमुलखांत ऊंस तोडावयास जावें, ही कोणती सुधारणा? जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. पाणी वांटल्यावांचून समाज एक होत नाहीं, हाच त्यांतला धडा.

आणखी एक. २६ जानेवारीस ग्रामसभा भरते, तेव्हां ऊंसतोडीस गेलेलीं कुटुंबें फडावर खोपींत असतात. त्यांच्या माघारीं झालेला ठराव गांवाचा कसा म्हणावा?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. मोठे ठराव मजूर मंडळी परतल्यावर, १ मेच्या सभेंत करा. प्रत्येक वस्तीचा, तांड्याचा एक पुरुष व एक स्त्री मंडळावर घ्या. अडविलेल्या पाण्यांतून माणसांचें व जनावरांचें पाणी आधीं राखा. उरेल त्यावर पीक. खर्चाचा हिशोब दरमहा शाळेच्या भिंतीवर लिहा; तें लिहिण्याचें काम आम्ही पत्करतों.

एवढें कराल, तर हें मंडळ सबंध गांवाचें होईल. नाहीं तर चार विहिरीवाल्यांचें होईल, आणि बाकीचे त्याचे बिनपगारी गडी ठरतील.